आधी माझं खाचर

“उद्यापासनं खोताची लावणी! घरटी दोन बाया!”

सोनू मुकादमाची हाळी आमच्या अंगणाशी आली तेव्हा आत्या चुलीपुढं बसून पेज ढवळत होती. मी पडवीत इरल्याचे सुटलेले बंध आवळत होते. हाळी दरवर्षीचीच होती. तिला उत्तर द्यायची रीत नव्हती. मुकादम ओरडत पुढं जायचा आणि दुसऱ्या दिवशी उजाडता बाया खोताच्या मळ्यात उभ्या असायच्या. त्या दिवशी मात्र आत्या उठली, पदराला हात पुसत दारात गेली आणि म्हणाली, “सोनूभावजी, आमची यायची नायत.”

मुकादम पुढच्या घराकडं वळला होता. तो थांबला. “काय म्हणालीस?”

“आमच्या घरातनं कोण यायचं नाय. आधी माजं खाचर लावीन. मंग खोताचं.”

सोनू मुकादम हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करते आहे. मग त्यानं आत्याचं तोंड बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

“ठकूवैनी, घरटी दोन म्हणजे दोन. तुमी दोघी हाव.”

“दोन नाय नि एक बी नाय.”

एवढं बोलून ती आत आली आणि पुन्हा पेज ढवळायला बसली. माझ्या हातातलं इरलं तसंच राहिलं.

ठकूबाई ही माझी सासू. मी तिला आत्या म्हणत असे. सासरे वारून तीन वर्षं झाली होती. माझा नवरा, धाकू, मुंबईला गिरणीत होता आणि शिमग्याला, गणपतीला घरी यायचा. घरात आम्ही दोघीच. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला पाचवा महिना लागला होता. आत्याला ते कळून जेमतेम आठवडा झाला होता. माझ्या डोक्यावरची पाण्याची कळशी तिनं उतरवून घेतली होती, इतकंच.

आमचं गाव कातळकोंड. डोंगराच्या पायथ्याशी तीस-चाळीस घरं, खाली ओहोळ आणि ओहोळाकाठी भाताची खाचरं. त्या काळी सगळं गाव खोताचं होतं. शेत खोताचं, घराखालची जमीन खोताची, अंगणातला फणससुद्धा खोताचा. आम्ही कुळं. भात पिकलं की त्यातला वाटा खोताला घालायचा, तो वेगळाच. त्याशिवाय वेठ. बाप्यांनी खोताचा नांगर धरायचा, त्याची लाकडं फोडायची, त्याचा मेणा खांद्यावर घेऊन घाट चढायचा. बायांनी त्याच्या मळ्यात लावणी करायची, त्याचं भात कांडायचं. या कामाला ना मजुरी, ना भाकरी. सकाळी घरून पेज पिऊन जायचं आणि अंधार पडताना परत यायचं. खोती पुढं कायद्यानं गेली. मी सांगते आहे ते त्याच्या बरंच आधीचं.

लावणीची वेठ सगळ्यांत वाईट. भाताची रोपं, आम्ही त्याला आवण म्हणतो, ती वेळेवर उपटून लावावी लागतात. खोताचा मळा एवढा मोठा की तो लावून होईतो आमची आवणं म्हातारी व्हायची, त्यांना कांडी धरायची. मग ती लावून काय उपयोग? भात कमी आणि पोकळ पळींज फार. फाल्गुनात घरातला तांदूळ संपायचा आणि पुढं नाचणी, वरी, नाहीतर रानातले कंद. गावातल्या प्रत्येक बाईला हे कळत होतं. पण कुणी “नाही” म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

पेज वाढताना मी भीत भीत विचारलं, “आत्या, घर काढून घेतील ना?”

“घेतील.”

“मग कुठं जायचं?”

“ते काढून घेतील तवा बघू. तू पी.”

दुसऱ्या दिवशी बाया घोळक्यानं खोताच्या मळ्याकडं निघाल्या. आमच्या घरापाशी आल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकटी लाडूकाकी आमच्या दाराकडं बघत गेली. लाडूकाकी सोनू मुकादमाची बायको. तिचं आणि आत्याचं बोलणं नव्हतं. का नव्हतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते, पाणवठ्यावर दोघी समोरासमोर आल्या तर आत्या कळशी घेऊन बाजूला उभी राहायची आणि ती भरून गेल्यावर पुढं व्हायची. मी समजत होते की बांधावरून नाहीतर कोंबडीवरून भांडण असेल.

आत्यानं कुदळ घेतली. आमच्याकडं बैल नव्हते. दरवर्षी आमचं खाचर शेजारच्या बैलांनी चिखलून व्हायचं. या खेपेला शेजारी तोंड चुकवून म्हणाला, “मुकादमानं सांगितलान, ठकूला जोत द्यायचं नाय.” आत्या त्याला वाईट बोलली नाही. “तुजा काय दोष,” म्हणाली आणि परतली.

बैलांचं काम तिनं कुदळीनं केलं. पन्नाशीची बाई, अंगानं काटकी. कासोटा घट्ट मारायची, डोक्यावर इरलं घ्यायची आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून एकेक ढेप उलटायची. मग पायांनी ती तुडवायची. मी कुदळीला हात लावला की ओरडायची. मला तिनं बांधावर बसून आवणाची राखण करायचं आणि तिला पेज आणून द्यायचं काम दिलं होतं. एकदा मी ऐकलं नाही. उतरले चिखलात आणि ढेपा फोडू लागले. ती कुदळ टाकून माझ्याकडं आली, माझा दंड धरून मला बांधावर बसवलं आणि म्हणाली, “तू माजं ऐकणार नसशील तर मी कुणासाठी करतंय हे?”

मला वाटलं, भातासाठी म्हणते आहे.

खोताच्या मळ्यात जाणाऱ्या बाया रोज सकाळी आमच्या खाचराच्या वरच्या वाटेनं जायच्या. पहिल्या दिवशी त्या घाईनं गेल्या. दुसऱ्या दिवशी एकदोघी रेंगाळल्या. नंतर नंतर सगळ्याच वाटेवर थांबून बघायला लागल्या. काल कुठवर कुदळ पोचली होती, आज कुठवर आली. कुणी काही बोलायचं नाही. मुकादम मागून ओरडायचा आणि मग त्या हलायच्या. आत्यानं एकदाही मान वर करून त्यांच्याकडं बघितलं नाही. तिचे तळहात फुटले होते. संध्याकाळी ती ते कोमट पाण्यात धरून बसायची आणि मी खोबरेल लावायला गेले की हात मागं घ्यायची. “खोबरेल तुज्या पोटाला लाव,” म्हणायची.

चिखल तयार झाला तो दिवस मला आठवतो. आत्या बांधावर येऊन बसली. खाचर नुसतं लोण्यासारखं झालं होतं. तिनं पलीकडं आवणाकडं बघितलं. हिरवंगार, वीतभर वाढलेलं, अगदी लावायच्या वेळेचं. “उद्या काढू,” ती म्हणाली. तिला हसताना मी फार कमी बघितलं होतं. त्या दिवशी ती हसली.

सकाळी उठून गेलो तर आवण नव्हतं. रात्रीतून गुरं सोडली होती. निम्मं खाल्लं होतं आणि निम्मं खुरांखाली चिखलात गेलं होतं. कुंपणाची काटेरी डहाळी कुणीतरी उचलून व्यवस्थित बाजूला ठेवली होती. गुरं अशी डहाळी बाजूला ठेवत नाहीत.

मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. आवण गेलं म्हणजे वर्ष गेलं. पुन्हा पेरायला बियाणं नव्हतं आणि असतं तरी दिवस निघून गेले होते. आत्या चिखलात उतरली. खुरांच्या खळग्यांतून एकेक रोप शोधून, धुऊन हातात घ्यायला लागली. तिच्या हातात एक मूठसुद्धा भरेना.

“आत्या, चला घरी,” मी म्हटलं.

“हायत ती तरी लावू.”

ती मूठभर रोपं घेऊन ती तयार खाचरात उतरली आणि एका कोपऱ्यात लावू लागली. तेवढ्या मोठ्या चिखलात ती चार हिरवी बोटं. मला बघवेना.

वरच्या वाटेनं बाया येत होत्या. रोजच्यासारख्या थांबल्या. त्यांना आवण दिसलं, खाचर दिसलं, त्यात वाकलेली आत्या दिसली. कुणीतरी “आई गं” म्हणालं. मग मुकादमाची हाक आली आणि त्या निघून गेल्या. मी मनात म्हटलं, झालं.

थोड्या वेळानं लाडूकाकी परत आली. ती एकटी नव्हती. तिच्या मागं भुवडांची येसू, तिची जाऊ, वरच्या आवाठातल्या, म्हणजे वरच्या वाडीतल्या, चौघीजणी, मग आणखी. प्रत्येकीच्या डोक्यावर आवणाच्या मुठी बांधलेल्या होत्या. लाडूकाकीचा भारा सगळ्यांत मोठा होता. मुळांतून पाणी निथळून तिचं तोंड मातीनं भरलं होतं. तिनं भारा बांधावर टाकला आणि आत्याला म्हणाली, “माज्या आवणातली हायत. मुकादमाच्या.”

आत्या वाकलेली होती, ती सरळ झाली. मधे एवढी वर्षं बोलणं नाही आणि आता हे.

“उचल तुजा भारा,” आत्या म्हणाली. “मला भीक नको.”

“भीक कोण देतंय तुला? माज्या घरची गुरं होती. माज्या नवऱ्यानं सोडलीन. मी भरून देतंय.”

“आणि ह्या? ह्यांची गुरं होती?”

येसू पुढं झाली. गावात तिची जीभ सगळ्यांत तिखट. “आमची गुरं नव्हती, पर आमचे डोळे होते ना, ठकूकाकी. रोज बघतंय आमी. आता लावायची का नुसतं भांडायचं? मुळं सुकतात.”

आत्यानं बांधावरच्या भाऱ्यांकडं बघितलं. मग म्हणाली, “इर्जिक असंल तर या. भीक नको, वेठ नको. इर्जिक करू. माजं आज, तुमचं उद्या. आणि इर्जिकीला आलेलं माणूस उपाशी जात नाय माज्या घरनं.”

इर्जिक म्हणजे एकमेकांच्या शेतात आपखुशीनं जाणं, ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. आमच्या गावात ती रीत होती, पण नांगरणीला नाहीतर घर शाकारायला. लावणीची इर्जिक कधी झाली नव्हती, कारण लावणीच्या दिवसांत बायांचे हात स्वतःचे नसायचे.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी समजले. घरात तेव्हा नाचणीचं एक मडकं होतं आणि मातीत पुरून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या होत्या. दसऱ्यापर्यंत आम्हाला दोघींना ते पुरवायचं होतं. मी घरी गेले आणि मडकं उपडं केलं. सगळ्या नाचणीच्या भाकऱ्या केल्या आणि सगळ्या आठळ्या मीठ टाकून उकडल्या. हात लावताना एकदा मनात आलं की थोडं राखून ठेवावं. पण आत्यानं कुदळीनं खाचर उलटताना काही राखून ठेवलं नव्हतं.

टोपली घेऊन खाचरापाशी आले तर पाऊस उघडला होता आणि निम्मं खाचर हिरवं झालं होतं. बाया ओळीनं वाकून मागं सरकत होत्या. आत्या मधोमध होती. आणि बांधावर खोत उभा होता.

भाऊसाहेब खोत धिप्पाड नव्हते की क्रूर दिसत नव्हते. धोतर, कोट, हातात छत्री. गावात कुणी आजारी पडलं तर औषधाची पुडी पाठवणारे. स्वतःला ते कुळांचा बाप समजत. त्यांच्या मागं सोनू मुकादम उभा होता, काठी घेऊन.

“ठकू,” खोत म्हणाले, “हे शेत कुणाचं?”

“तुमचं, भाऊसायेब.” आत्या लावत लावतच म्हणाली.

“तू राहतेस ते घर कुणाच्या जमिनीवर आहे?”

“तुमच्या.”

“तुझ्या सासऱ्याच्या बापाला आमच्या आजोबांनी इथं आणून वसवलं. तीन पिढ्या माझ्या घरानं तुम्हाला पोसलं. आणि माझा मळा अर्धा टाकून या बाया तुझ्या चिखलात? कुणाच्या हुकमानं?”

आत्या आता उभी राहिली. कोपरापर्यंत चिखल होता. तिचा आवाज चढलेला नव्हता. मला तो नेहमीपेक्षा बारीकच वाटला.

“हुकूम कुणाचा नाय, भाऊसायेब. म्हणून तर आल्या.”

खोतांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. ते इतर बायांकडं वळले. “ऐका सगळ्या. ज्या आत्ता मळ्यात जातील त्यांना मी काही म्हणणार नाही. ज्या जाणार नाहीत त्यांनी उद्या घरं रिकामी करायची.”

कुणी हललं नाही. मी टोपली धरून उभी होते. मला वाटलं, आता एक उठेल, मग दुसरी. एकीनं बांधावर पाय ठेवला असता तर बाकीच्या गेल्याच असत्या. येसूसुद्धा खाली बघत होती.

तेवढ्यात लाडूकाकीनं पुढची मूठ सोडली, रोपं वेगळी केली आणि खाली वाकून लावली. टपक, टपक, टपक. चिखलात बोट गेल्याचा आवाज येतो तसा. मग तिच्या शेजारचीनं लावली. मग सगळ्यांनी.

“सोनू!” खोत ओरडले. “तुझी बायको आहे ती. काढ तिला बाहेर.”

सोनू मुकादमानं बायकोकडं बघितलं. तिनं वर बघितलं नाही. तिचा पाठमोरा वाकलेला देह, चिखलात गेलेले हात, आणि ती लावत होती ती रोपं त्याच्याच आवणातली. त्यानं आभाळाकडं बघितलं. मग काठी बगलेत घेऊन म्हणाला, “भाऊसायेब, आज माणूस मिळायचं नाय. घरी चला. पाऊस येतोय.”

खोत गेले. मुकादम त्यांच्या मागं गेला. वाटेवर वळण येईपर्यंत सगळ्या लावत राहिल्या. मग येसू एकदम खाली चिखलातच बसली आणि म्हणाली, “माजे गुडघे गेले गं!” आणि आम्ही सगळ्या हसायला लागलो. हसता हसता दोघीतिघींना रडू आलं.

भाकरी आणि आठळ्या खाऊन झाल्यावर मीही उतरले. आत्या ओरडायला लागली, पण लाडूकाकी म्हणाली, “असू दे गं, माज्या शेजारी राहू दे. मी बघतंय तिच्याकडं.” आत्यानं तिच्याकडं बघितलं. ती नजर मला विचित्र वाटली. मग तिनं मान हलवली.

लावता लावता मी विचारलं, “काकी, तुमचं आणि आत्याचं काय झालं होतं?”

लाडूकाकीचे हात थांबले नाहीत. “तुला ठावं नाय? तिनं सांगितलान नाय?”

“नाही.”

“धाकूच्या आधी तिला एक पोर व्हतं. सातवा म्हयना व्हता. खोताच्या मळ्यात लावणी चाललेली. तेव्हा माजा सासरा मुकादम. ती सकाळपासनं सांगत व्हती, पोटात दुखतंय, मला घरी जाऊ द्या. तो म्हणाला, ओळ पुरी कर नि जा. ओळ पुरी झाली, तर म्हणाला, दुसरी कर. बांधावर नेईतो झालं सगळं. मुलगी व्हती. रडली नाय.”

मी उभीच राहिले. “मग?”

“मंग काय. मी तिच्या शेजारच्या ओळीत व्हते. आजच्यासारखी. खाली पडताना तिनं माज्याकडं बघितलान. माजा सासरा बांधावर उभा. मी मान खाली घातली नि लावत राहिले.” तिनं एक रोप लावलं, दुसरं लावलं. “तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बोलायची थांबली.”

मी पलीकडं बघितलं. आत्या ओळीच्या त्या टोकाला वाकून लावत होती, येसूला काहीतरी सांगत होती. माझा हात आपोआप पोटावर गेला. त्या चिखलाच्या हातानंच. ‘दोन नाय नि एक बी नाय.’ ती एकटी वेठीला गेली असती तर मुकादमाशी काहीतरी तडजोड झाली असती. पण सुनेनं घरी राहायचं की नाही हे खोतानं ठरवावं, हे तिला नको होतं.

माझी थोरली मुलगी त्या कार्तिकात झाली. घरात, कोरड्या जमिनीवर, दोन सुइणी आणि लाडूकाकी उशाशी.

पण त्या दिवसाचं अजून राहिलं. संध्याकाळी सोनू मुकादम आमच्या दारात आला. काठी आणली नव्हती. डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं होतं. अंगणात उभा राहून म्हणाला, “ठकूवैनी, उद्या मळ्यात येशील का? बाया म्हणतात, ठकू आली तर येऊ.”

“येशील का, असं कुणी म्हटलान?” आत्यानं विचारलं.

“भाऊसायेबांनी. घरं रिकामी करायचं आता बोलत नायत.”

“त्यांनी इचारलान का सांगितलान?”

सोनू मुकादमानं हातातलं फडकं पिळलं. खोतांचे नेमके शब्द काय होते कोण जाणे. पण अखेर तो म्हणाला, “इचारलान.”

“येईन,” आत्या म्हणाली.

मुकादम गेल्यावर मी तिच्यावर चिडले. “आत्या, एवढं सगळं करून पुन्हा त्यांच्याच मळ्यात?”

“आधी माजं, मंग त्यांचं, असं बोलले व्हते मी. माजं झालं. आता त्यांचं अर्धं आवण उपटून पडलंय, ते मरू द्यायचं? भातानं काय केलंय?” आणि मग, आडवी होता होता, “इर्जिकीला जातंय मी. वेठीला नाय.”

ती मला घरी ठेवून जाणार होती. मी हट्टानं बांधावर बसायला गेले. सगळ्या बाया आल्या होत्या. काल घाबरून घरात बसलेल्याही आल्या होत्या. मुकादम लांब उभा होता, ओरडत नव्हता. बायांचे हात भराभर चालत होते. मला वाटतं त्या मळ्यात तितकी चांगली लावणी कधी झाली नसेल.

सूर्य डोक्यावर आला तशी आत्यानं हातातली मूठ खाली ठेवली, ओहोळावर जाऊन हातपाय धुतले आणि बांधावर येऊन बसली. तिचं बघून बाकीच्या आल्या. बांधाच्या कडेनं लांबच लांब रांग बसली.

मुकादम धावत आला. “काय झालं? बसलात का?”

“भूक लागली,” आत्या म्हणाली.

“मंग खा की. काय आणलंय ते.”

“आमी काय आणायचं? काल माज्या खाचरात ह्या जेवल्या. आज ज्यांचं शेत त्यांनी वाढायचं.”

मुकादमानं रांगेवरनं नजर फिरवली. मग तो खोताच्या घराकडं गेला. आम्ही बसून राहिलो. पावसाची एक सर येऊन गेली. सगळ्यांनी इरली डोक्यावर घेतली पण कुणी उठलं नाही. येसू म्हणाली, “येत नसतील तर काय करायचं, ठकूकाकी?”

“बसायचं. लावणी त्यांची सुकते, आपली नाय.”

खूप वेळानं वाटेवर माणसं दिसली. पुढं खोतांची बायको, वैनीसाहेब. त्यांना मी तोवर लांबून, ओटीवरच बघितलं होतं. निऱ्या वर धरून चिखलातून जपून पावलं टाकत येत होत्या. मागं दोन गडी, डोक्यावर भाताचं पातेलं आणि आमटीचा हंडा, बगलेत केळीची पानं घेऊन. त्या रांगेच्या टोकाला येऊन थांबल्या. गडी वाढायला पुढं झाले, तर त्यांनी पळी स्वतःच्या हातात घेतली. तोंड लाल झालं होतं, लाजेनं की रागानं ते मला सांगता येणार नाही. पण त्यांनी एकेकीच्या पानावर भात घातला, आमटी वाढली.

पांढरा भात होता. आमच्याच हातांनी लावलेला, आमच्याच हातांनी कांडलेला, आणि त्या बांधावर बसून आम्ही तो पहिल्यांदा खाणार होतो. बाया पानाकडं बघत नुसत्या बसल्या होत्या.

आत्यानं घास घेतला. सावकाश चावला. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. तिनं दुसरा घास घेतला, मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “वैनीसायेब, आमटीत मीठ कमी पडलंय.”

मुकादमानं डोळे मिटून घेतले.

वैनीसाहेब पळी हातात धरून उभ्या राहिल्या. आत्याकडं बघत होत्या आणि आत्या त्यांच्याकडं. मग त्यांनी पळी हंड्यात ठेवली, निऱ्या उचलल्या आणि त्याच चिखलातून घराकडं परत गेल्या. एका गड्यानं पुढं होऊन “मी आणतो” म्हटलं, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. परत आल्या तेव्हा पायांना घोट्यापर्यंत चिखल होता आणि हातात मिठाची वाटी होती.

आत्यानं चिमूटभर मीठ घेतलं, आमटीत टाकलं, बोटानं कालवलं, आणि चाखून बघितलं.

“आता बेस झाली,” ती म्हणाली. “बसा, तुमी पण दोन घास खा.”